डुब्रॉव्हनिक ते सारायेव्हो, एका दिवसात गाडीने: गोव्यातून जाणाऱ्यांसाठी

आधीच सांगतो, ही ट्रिप एका दिवसाची आहे पण एकाच दिशेची. सकाळी क्रोएशियातल्या डुब्रॉव्हनिकहून निघायचं, त्रेबिन्ये, स्तोलात्स, पोचितेल, मोस्तार असं थांबत थांबत जायचं आणि रात्री बोस्नियाच्या राजधानीत, सारायेव्होत झोपायचं. त्याच दिवशी परत डुब्रॉव्हनिकला यायचं असेल तर मोस्तारहूनच मागे वळा, सारायेव्हो विसरा. मॅपवर अडीचशेच्या थोडे वर किलोमीटर दिसतात आणि आपण म्हणतो हात्तिच्या, पणजी-पुणे एका दमात मारतो आपण, त्याच्यापुढे हे काय. पण तिथे दिवस किलोमीटरवर ठरत नाही, बॉर्डरवर किती वेळ जातो आणि तुम्ही किती ठिकाणी उतरता त्यावर ठरतो, आणि न उतरता जायचं असेल तर या रस्त्याने जायचंच कशाला.

आता कागदपत्रं, कारण अर्ध्या लोकांची ट्रिप इथेच अडकते.

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात) आहे आणि तिथे युरो चालतो. बोस्निया-हर्झगोव्हिना शेंगेनमध्ये नाही, युरोपियन युनियनमध्येही नाही. म्हणजे डुब्रॉव्हनिकहून निघून बॉर्डर ओलांडली की तुम्ही शेंगेनच्या बाहेर गेलात, आणि तुमचा व्हिसा सिंगल एंट्रीचा असेल तर तो तिथेच संपला, परत क्रोएशियात घेणार नाहीत आणि तुमचं रिटर्न विमान मात्र तिथूनच. म्हणून अर्ज करतानाच मल्टिपल एंट्री मागा, आणि कव्हरिंग लेटरमध्ये लिहा की मध्ये बोस्नियाला जाऊन परत येणार आहे. चालू असलेल्या मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसावर बोस्निया सहसा वेगळा व्हिसा मागत नाही, तरी तिकीट काढण्याआधी त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या साइटवर त्या वेळचा नियम वाचून घ्या आणि त्या पानाची प्रिंट जवळ ठेवा, बॉर्डरवरच्या माणसाला भारतीय पासपोर्ट रोज रोज दिसत नाही.

ज्यांच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे त्यांना हे काहीच नको, दोन्हीकडे व्हिसा लागत नाही. पण आपल्याकडे एकाच घरात नवरा भारतीय पासपोर्टवर, बायको पोर्तुगीज, आणि इंग्लंडमधल्या स्विंडनहून येणारा भाऊ तिसऱ्याच कागदावर अशी सरमिसळ असते. अशा वेळी प्लॅन सगळ्यात अडचणीच्या पासपोर्टप्रमाणे करायचा. गाडी एकच आहे, त्यामुळे बाकीचे पुढे गेले आणि एकजण बूथवर उभा राहिला असं करता येत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरच्या बॉर्डरवर नॉन-ईयू लोकांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी सिस्टीम सुरू झालीय, त्यामुळे परत क्रोएशियात शिरताना वेळ जास्त धरा.

ड्रायव्हिंगसाठी इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, ते आपल्या आरटीओतूनच मिळतं, सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, सोबत पासपोर्ट-व्हिसाची कॉपी. एक वर्ष चालतं. मूळ लायसन्सही बरोबर न्या, नुसतं परमिट दाखवून कोणी गाडी देत नाही. आणि क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं, डिपॉझिट त्यावर ब्लॉक करतात, डेबिट कार्ड घेऊन गेलात तर काउंटरवर उगाच वाद.

गाडी घेताना एकच प्रश्न महत्त्वाचा, बोस्नियात न्यायला परवानगी आहे का, इन्शुरन्स तिकडे चालतो का. बहुतेक कंपन्या वेगळे पैसे घेऊन क्रॉस-बॉर्डरचा कागद देतात, तो कागद हातात घ्या, कोणी फोनवर हो म्हणालं ते बॉर्डरवर चालत नाही. गाडी डुब्रॉव्हनिकला घेऊन सारायेव्होला सोडायची असं डोक्यात असेल तर आधी रेट विचारा, दुसऱ्या देशात गाडी सोडायचा चार्ज ऐकून घाम फुटतो. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी गाडी परत डुब्रॉव्हनिकला आणलेली स्वस्त पडते, आणि परतीचा रस्ता वेगळा घेता येतो, ते शेवटी सांगतो.

ऑटोमॅटिक घ्या. थोडे पैसे जास्त जातात, जाऊ देत. तिथे स्टिअरिंग डावीकडे, गाडी रस्त्याच्या उजवीकडून, आणि मॅन्युअल असेल तर गिअर उजव्या हाताने, एवढं सगळं एकाच वेळी नको. इंडिकेटरची कांडीसुद्धा डावीकडे असते, त्यामुळे मारुती चालवणारा माणूस पहिला तासभर प्रत्येक वळणावर वायपर चालू करतो, घरचे हसतात, हसू द्या. खरा धोका हायवेवर नसतो, तिथे पुढची गाडी बघून आपोआप नीट चालवतो आपण. धोका असतो पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, कॉफी पिऊन रिकाम्या रस्त्यावर गाडी काढताना, तेव्हा हात आपोआप डावी बाजू धरतो. शेजारी बसलेल्याला एकच काम द्या, दर वेळी गाडी सुरू केली की मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं. सर्कलला उलट्या दिशेने फिरायचं आणि आत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं.

बोस्नियात दिवसाही हेडलाइट चालू ठेवायचे, वर्षभर. गावातून ५०, बाहेरच्या रस्त्यावर साधारण ८०, आणि पोलीस झाडामागे रडार घेऊन उभे असतात, आपल्याकडे हेल्मेटसाठी वळणाच्या पलीकडे उभे असतात तसेच. दारूची मर्यादा बोस्नियात ०.०३ टक्के, क्रोएशियात ०.०५. म्हणजे जेवताना एक बिअर घेतली तर काय होतं हा विचार चालवणाऱ्याने करूच नये, बाकीच्यांनी प्यावी. डिकीत त्रिकोण, फर्स्ट-एड बॉक्स आणि चमकणारं जॅकेट आहे का बघून घ्या. इंटरनेटचं म्हणाल तर युरोपचं सिम बोस्नियात बहुतेक वेळा चालत नाही किंवा चालतं आणि बिल येतं, ऑफलाइन मॅप आदल्या रात्रीच डाउनलोड करा.

पैसे. बोस्नियाचा कन्व्हर्टिबल मार्क युरोला बांधलेला आहे, एका युरोला १.९५५८३ मार्क, हा रेट हलत नाही, म्हणून डोक्यात सरळ दोन मार्क म्हणजे एक युरो धरा. मोस्तारमध्ये युरो घेतात पण तिथे त्यांना निम्म्याचा हिशोब आवडतो, सुटे परत मार्कात मिळतात. पन्नासेक युरोचे मार्क काढून ठेवले की पार्किंग, टॉयलेट, कॉफी निघून जाते.

केव्हा जायचं? आपली मे महिन्याची सुट्टी एकदम बरोबर आहे, नाहीतर चतुर्थी झाल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये मोस्तार अक्षरशः भाजतं आणि बॉर्डरवर लाइन लागते. हिवाळ्यात सारायेव्होकडे बर्फ असतो, बर्फात गाडी चालवायची सवय आपल्याला कुठून असणार, नकोच ते.

डुब्रॉव्हनिकमध्ये असेपर्यंत गाडी घेऊच नका. जुन्या शहरात गाडी जात नाही आणि बाहेरच्या पार्किंगचे रेट बघून वाटतं गाडीपेक्षा जागाच भाड्याने घेतली. आदल्या दिवशी शहर पायी बघा, सुमारे १९४० मीटरच्या तटबंदीवरून चालून या (सकाळी लवकर, कारण क्रूझ लागली की तटावरसुद्धा ट्रॅफिक जाम), आणि वेशीवर बघा, हातात शहराचं छोटं मॉडेल धरलेला संत दिसेल. तो स्वेती व्लाहो, शहराचा रक्षक. हाच संत आपल्या गवंडाळीच्या चर्चमध्ये आहे, सांव ब्राझ. डुब्रॉव्हनिक तेव्हा रागुसा नावाचं स्वतंत्र व्यापारी प्रजासत्ताक होतं, सोळाव्या शतकात तिथले व्यापारी गोव्यापर्यंत आले आणि गवंडाळीचं चर्च त्यांनी उभारलं असं मानलं जातं. तिथल्या गाइडला सांगा गोव्याहून आलोय, थोडा इतिहास वाचलेला असेल तर तोच हे तुम्हाला सांगायला लागतो. रागुसाचं प्रजासत्ताक १८०८ मध्ये नेपोलियनच्या फौजेने संपवलं. ३ फेब्रुवारीला फेस्त, दोन्हीकडे.

आता रस्ता. दोन पर्याय आहेत. एक किनाऱ्याने, दुसरा आतून.

किनाऱ्याचा रस्ता बहुतेक लोक घेतात. समुद्र डावीकडे, रस्ता सुंदर, पुढे नेउम लागतं. बोस्नियाला समुद्र मिळतो तो एवढ्याच वीसेक किलोमीटरच्या पट्टीत, आणि ती पट्टी क्रोएशियाला मधोमध कापते. कारण जुनं आहे. १६९९ च्या कार्लोवित्स तहाच्या वेळी रागुसाने ही जमीन ऑटोमन तुर्कांना देऊन टाकली, म्हणजे शेजारच्या व्हेनिसशी आपली हद्द लागणार नाही. व्हेनिसपेक्षा सुलतान शेजारी बरा असा व्यापारी हिशोब होता तो, आणि त्यामुळे आज तुम्हाला पासपोर्ट काढावा लागतो. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्स पूल सुरू झाल्यापासून नेउम टाळून क्रोएशियातूनच पुढे जाता येतं. पूल २.४ किलोमीटरचा, त्याआधी स्तोन गाव लागतं, तिथे मिठागरं आहेत आणि डोंगरावर चढत गेलेली पाचेक किलोमीटरची तटबंदी, रागुसाने ती मीठ राखायला बांधली. कालवं खाणाऱ्यांसाठी शेजारी माली स्तोन. मग मेटकोविचहून बोस्नियात शिरायचं. लहान पोरं बरोबर असतील, घाटात गाडी लागत असेल, किंवा कालवं हा तुमचा कमजोर मुद्दा असेल तर हा रस्ता घ्या.

पण माझं मत विचाराल तर जाताना आतून जा. डुब्रॉव्हनिकच्या डोक्यावरूनच चढ चढून बॉर्डर येते, ब्रगात नावाची, आणि त्रेबिन्ये फक्त तीसेक किलोमीटर. सकाळी साडेसहाला निघालात तर आठच्या आधी तुम्ही त्रेबिन्येच्या चिनार झाडांखाली कॉफी पीत असता. खाली डुब्रॉव्हनिकमध्ये त्याच वेळी क्रूझवाले उतरत असतात आणि कॉफीची किंमत इथल्या दुप्पट-तिप्पट. झाडांखाली बाजार भरतो, चीज, मध, सुकी अंजीरं, वाटेत खायला घेऊन ठेवा. गावाबाहेर नदीवर आर्सलानागिच पूल आहे, १५७४ चा, हा मूळ जागेवर नाहीये, धरणाच्या पाण्यात जाणार म्हणून १९६० च्या दशकात दगडन्‌दगड सोडवला आणि नंतर नदीच्या खालच्या अंगाला परत रचला. साळावलीत कुर्डीचं महादेवाचं देऊळ असंच उचलून वर आणलं, ते ज्यांनी बघितलंय त्यांना हा पूल पाच मिनिटं जास्त उभं करतो.

त्रेबिन्येत पाट्या आधी सिरिलिक लिपीत दिसतील, नंतर लॅटिनमध्ये. बोस्नियातलं युद्ध संपवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारानंतर देशाचे दोन भाग आहेत, त्रेबिन्ये सर्बांच्या भागात, मोस्तार आणि सारायेव्हो दुसऱ्या भागात, मध्ये चेकिंग काही नसतं, फक्त एक बोर्ड लागतो. काही पाट्यांवर एका लिपीतलं नाव काळ्या स्प्रेने पुसलेलं दिसेल. फोटो काढा हवा तर, पण कोणाला विचारत बसू नका हे कोणी केलं.

इथून पुढे ल्युबिन्ये मार्गे स्तोलात्स. हा पट्टा सत्तरेक किलोमीटरचा, गाड्या फार कमी, करड्या दगडांचे डोंगर, मध्येच एकदम सपाट शेतीचा लांब पट्टा. चोर्ला घाट चालवणाऱ्याला यात नवीन काही नाही, फक्त खड्डे कमी आणि बाजू उलटी. एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. गाडी बाजूला लावून झाडीत जायची आपली जी सवय आहे ती इथे बंद. १९९२-९५ च्या युद्धातले भूसुरुंग बोस्नियात अजून सगळे काढून झालेले नाहीत, लाल बोर्डावर कवटी दिसली तर त्याचा अर्थ तोच, आणि बोर्ड नसला म्हणजे जागा साफ असं नाही. डांबरी रस्ता, पायवाटेचा मळलेला भाग, पेट्रोल पंप, एवढंच. पोरांना आधीच सांगून ठेवा, पडक्या घरात शिरायचं नाही.

स्तोलात्सच्या पुढे तीन किलोमीटरवर, अगदी रस्त्याला लागून, रादिम्ल्या. लोक याला फाटा देऊन जातात, मला ते कळत नाही. १३३ दगडी थडगी, स्तेचाक म्हणतात त्यांना, बहुतेक पंधराव्या-सोळाव्या शतकातली, २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. वीरगळ बघितलेल्या माणसाने इथे अर्धा तास काढावाच. एका दगडावर माणूस उभा आहे, डावा हात कमरेजवळ आणि उजवा वर केलेला, पंजा अंगाच्या मानाने भलामोठा, पाचही बोटं सुटी, शेजारी धनुष्यबाण. तो हात नमस्काराचा की शपथेचा की थांबा म्हणणारा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात कोरीव काम जास्त नीट दिसतं, दुपारी सगळं सपाट पांढरं, म्हणूनही लवकर निघा म्हणतोय.

मग पोचितेल. नेरेत्वा नदीच्या काठावर डोंगराला चिकटलेलं दगडी गाव, वर किल्ला, मध्ये १५६० च्या दशकातली हाजी आलिया मशीद, युद्धात उडवलेली आणि नंतर परत बांधलेली. पायऱ्या गुळगुळीत आहेत, चपला घालून चढू नका. खाली बाया कागदाच्या पुड्यांमधून डाळिंबाचे दाणे, अंजीरं, चेरी विकतात मोसमाप्रमाणे, आणि ताजा डाळिंबाचा रस. वर बुरुजापर्यंत जाऊन यायला पाऊण तास धरा. आईवडील बरोबर असतील तर त्यांना खाली रस घेऊन बसवा, वर काही त्यांचं अडलेलं नाही.

पोचितेलहून मोस्तार तीसेक किलोमीटर. मध्ये ब्लागायचा फाटा. दोनशे मीटरच्या उभ्या कड्याच्या पोटातून बुना नदी एकदम पूर्ण नदी होऊनच बाहेर पडते आणि त्या तोंडाशी दर्वेशांचा, म्हणजे सूफी फकिरांचा जुना मठ. छान आहे. पण खरं सांगायचं तर ब्लागाय आणि मोस्तार दोन्ही नीट बघून पुढे सारायेव्हो उजेडात गाठणं जूनमध्येच जमतं, ऑक्टोबरात नाही. ऑक्टोबरात असाल तर सोडा. जूनमध्ये असाल तर दुपारचं जेवण इथेच करा, नदीवर टेबलं लावलेली असतात आणि ट्राउट मासा भाजून देतात. नुस्त्याशिवाय ज्याचा घास उतरत नाही त्याने बोस्नियात एवढी एक संधी सोडू नये, मसाला नाही, फक्त मीठ, लसूण, लिंबू, तक्रार करू नका.

मोस्तारमध्ये गाडी जुन्या गावाच्या जवळ खासगी अंगणांमध्ये लावतात, माणूस हात करून बोलावतो, आधी रेट मार्कात विचारून घ्या. आणि मग कमीत कमी तीन तास घड्याळ विसरा. दिवसभराचं जे काही आहे ते इथे आहे.

पूल, स्तारी मोस्त. ऑटोमन सुलतान सुलेमानच्या हुकुमाने, मिमार हैरुद्दीनने बांधला, १५६६ मध्ये पुरा झाला. एकच कमान, चार मीटर रुंद, पाण्यापासून वीस मीटरच्या वर. जवळच्या खाणीतला तेनेलिया नावाचा फिकट दगड, दगड एकमेकांना लोखंडी पट्ट्यांनी अडकवलेले आणि त्या खाचांत वितळलेलं शिसं ओतलेलं. ४२७ वर्षं उभा होता. ९ नोव्हेंबर १९९३ ला बोस्नियातल्या क्रोएट सैन्याच्या तोफांनी पाडला. परत बांधताना नदीतून काही जुने दगड वर काढले पण ते कामाचे राहिले नव्हते, मग तसलाच नवा दगड घडवून, त्याच पद्धतीने, लोखंड आणि शिशासकट पूल उभा केला आणि २३ जुलै २००४ ला खुला झाला. पुढच्या वर्षी युनेस्को. पुलावर आडव्या दगडी पट्ट्या आहेत, पाय अडकायला म्हणूनच, कारण मधला दगड आरशासारखा घासला गेलाय. पावसात तर रेलिंग धरूनच. मोठ्या आत्यांना, मावशींना एकटं चढू देऊ नका.

पुलावरून उडी मारणारे दिसतील. तो धंदा आहे आणि परंपराही आहे. ते आधी लोकांकडून पैसे गोळा करतात, पुरेसे जमले की मग उडी, त्याआधी अर्धा तास नुसतं कठड्यावर उभं राहून दमवतात. पैसे द्या, खुशाल द्या, पण आपल्यातल्या कोणा हिरोने दूधसागरला उड्या मारल्यात म्हणून इथे शर्ट काढू नये. नेरेत्वाचं पाणी मेच्या उन्हातही बर्फगार असतं, त्या धक्क्यानेच माणूस जातो.

फोटोसाठी पुलावर गर्दी करू नका, पूल पुलावरून दिसत नाही हे लोकांच्या लक्षात येत नाही. कोस्की मेहमेद पाशा मशिदीच्या अंगणातून दिसतो, तिकीट आहे, गुडघे-खांदे झाकलेले हवेत. नाहीतर फुकटात खाली नदीकाठी उतरा. गल्लीच्या आत क्रिवा चुप्रिया नावाचा लहान पूल आहे, मोठ्याआधी काही वर्षं बांधलेला, हा सराव म्हणून बांधला असं तिथले लोक सांगतात. पुलाजवळ '९३ विसरू नका' असं लिहिलेला एक दगडही आहे. तिथे हसत सेल्फी काढणारे बघितले की लाज वाटते.

कॉफी मोस्तारमध्येच प्या, बाजारगल्लीत. तांब्याच्या ताटलीत येते, लांब दांड्याचं छोटं भांडं म्हणजे झेजवा, बिनकानाचा कप, साखरेचा खडा, पाण्याचा ग्लास आणि लोकुम नावाच्या मऊ मिठाईचा एक तुकडा. सरळ ओतायची नाही. चमच्याने वरचा फेस हळूच कपात काढायचा, मग ओतायची, साखरेच्या खड्याचं टोक बुडवून चावायचं आणि त्यावर घोट. ढवळलीत तर गाळ तोंडात. आणि तिला तिथे तुर्की कॉफी म्हणू नका.

जेवण. चेवापी म्हणजे कोळशावर भाजलेली बोटाएवढी मांसाची गुंडाळी, पावात पाच किंवा दहा, सोबत कच्चा कांदा. यात बहुतेक बीफ असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारा. ज्यांचा सोमवार-गुरुवार शिवराक असतो त्यांच्यासाठी पिठाचे पातळ पापुद्रे गुंडाळून भाजलेला प्रकार, पण दुकानात "बुरेक" मागू नका, बोस्नियात बुरेक म्हणजे मांसाचाच. चीजचा हवा तर सिर्नित्सा, पालक-चीजचा झेल्यानित्सा, बटाट्याचा क्रोम्पिरुशा. ही तीन नावं फोनमध्ये लिहून ठेवा, शाकाहारी माणसाचा बोस्निया यावर निघतो. वजनावर विकतात, वर दही ओतून खातात.

चारच्या पुढे मोस्तारमध्ये रेंगाळू नका. सारायेव्हो अजून सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर आणि रस्ता नेरेत्वाच्या खोऱ्यातून एकपदरी, ट्रकमागे ट्रक. नदी हिरवीगार, बोगदे पुष्कळ, ओव्हरटेक करायचा मोह होतो तो आवरा. ऑक्टोबर २०२४ मध्ये याब्लानित्साजवळ पूर आणि दरड येऊन हा रस्ता आणि रेल्वे दोन्ही वाहून गेली होती, माणसंही गेली, त्यामुळे पावसाचे दिवस असतील तर सकाळीच हॉटेलवाल्याला रस्त्याचं विचारून ठेवा. याब्लानित्साला रस्त्याकडेला अख्खं कोकरू सळीवर फिरताना दिसेल. भूक असेल तर थांबा. कोन्यित्सला १६८२ चा दगडी पूल, गाडीतून उतरून दहा मिनिटं. तिथलं युगोस्लाव्हियाच्या टिटोचं बंकर, १९५३ ते १९७९ गुपचूप बांधलेलं, अणुयुद्धात साडेतीनशे माणसांनी लपायला, ते मात्र आज नाही, त्याला ठरलेल्या वेळेची गाइडेड टूर लागते, दुसऱ्या दिवसावर टाका.

कोन्यित्सनंतर चढ लागतो, इव्हान खिंड, ९६७ मीटर. खिंडीच्या अलीकडचं पाणी एड्रियाटिकला जातं, पलीकडचं काळ्या समुद्राला, आणि हवाही तिथेच बदलते. मोस्तारला अर्ध्या बाहीत घामाघूम होतात आणि इथे उतरलात तर जॅकेट शोधता, ते डिकीच्या तळाशी टाकू नका. तार्चिनपासून मोटरवे, टोल आहे, मार्क तयार ठेवा.

सारायेव्होत शिरलात की गाडीचं काम संपलं. हॉटेल जुन्या गावाजवळचं घ्या पण पार्किंग आहे हे पक्कं करून, बाश्चार्शियाच्या, म्हणजे जुन्या बाजाराच्या गल्ल्या चालायच्याच आहेत आणि वरच्या मोहल्ल्यांचे चढ इतके उभे की भाड्याच्या गाडीचा क्लच असला तर जळतो. संध्याकाळी फार काही करायचं नाही. सेबिल कारंज्यापासून सरळ पश्चिमेला चालत सुटा. आधी तांबटांच्या गल्ल्या, मग १५३१ ची गाझी हुस्रेव बेग मशीद, शेजारचं जुनं घड्याळ जे सूर्यास्ताला बारा दाखवतं (बंद पडलेलं नाही, चांद्र वेळ आहे), मग रस्त्यावर आखलेल्या एका ओळीपाशी ऑटोमन गाव संपून एकदम ऑस्ट्रियन इमारती सुरू, मग कॅथेड्रल. मशीद, सिनेगॉग, ऑर्थोडॉक्स चर्च, कॅथलिक चर्च सगळं काही मिनिटांच्या अंतरात. नदीवर लॅटिन पूल, त्याच्या कोपऱ्यावर २८ जून १९१४ ला ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फर्डिनांडला गोळी घातली. फुटपाथवर कुठे कुठे लाल राळ भरलेले खड्डे दिसतील, तोफगोळ्यांचे व्रण आहेत, त्यात माणसं मेली तिथे भरलेत. शहराला वेढा १९९२ ते १९९६, जवळपास चार वर्षं. त्या लाल खुणांवर पाय न देता चाला. विएच्नित्सा, म्हणजे जुना सिटी हॉल आणि लायब्ररी, ऑगस्ट १९९२ मध्ये पुस्तकांसकट जळली, २०१४ ला परत उघडली, ती सकाळी बघा, आतला रंगीत काचेचा प्रकाश संध्याकाळी मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी विएच्नित्सा, हवं तर विमानतळाजवळचा युद्धातला बोगदा, आणि दुपारच्या आत निघा. मोस्तारपर्यंत तोच रस्ता, पुढे मात्र किनाऱ्याने, मेटकोविच, पूल, स्तोन, म्हणजे कालवंही झाली आणि आलेला डोंगर परत बघायला नको. बॉर्डर ओलांडायच्या आधी बोस्नियाच्या शेवटच्या पंपावर टाकी फुल करा. उरलेले मार्क बोस्नियाबाहेर फारसं कोणी घेत नाही, पणजीत तर नाहीच, आणि गाडी फुल टाकीनेच परत द्यायची असते.